तेरचं म्युझियम: जायच्या आधी लोक मला जे जे विचारतात ते सगळं

माझं आजोळ तेरच्या शेजारच्या गावात, त्यामुळे लहानपणापासून तेरला येणं-जाणं आहे. ओळखीतलं कुणी तुळजापूरला निघालं की मी हमखास सांगते, "अहो एवढे जाताय तर तेरचं म्युझियम बघून या." आणि मग फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. लांब झालंय, पण लागेल तेवढं वाचा.

तेर नेमकं आहे कुठं?

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे आधीचा उस्मानाबाद. तेरणा नदीच्या काठावर. धाराशिवहून गाडीने तासाभराच्या आत पोचता, सोलापूर, बार्शी, लातूर कुठूनही एका दिवसात जाऊन येता येतं. गाव बघितलं तर मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखं, पार, देवळं, टपऱ्या, ऊस घेऊन चाललेले ट्रॅक्टर, आणि या गावात दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराचा पुरावा एका सरकारी म्युझियममध्ये मांडून ठेवलाय. म्युझियमचं नाव कै. रामलिंगप्पा लामतुरे पुरातत्त्व वस्तुसंग्रहालय. गावात कुणालाही "लामतुरे म्युझियम" विचारा, रस्ता दाखवतील.

म्हणजे तेरमध्ये रोमन लोक राहायचे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर असं की तेर हे रोमनांचं गाव कधीच नव्हतं. इथं सातवाहनांच्या काळातलं मोठं व्यापारी शहर होतं, तेव्हाचं नाव तगर. इथला माल बैलगाड्यांनी बंदरावर जायचा, तिथून जहाजांनी तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि पुढं रोमन साम्राज्यात. उलट्या दिशेने तिकडच्या वस्तू यायच्या, आणि वस्तूंबरोबर तिकडच्या पद्धती, तिकडची फॅशन पण यायची. आता एखादा यवन व्यापारी इथपर्यंत आला असेल का, तर महाराष्ट्रात यवनांचा वावर होता हे नक्की, कारण कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. (यवन म्हणजे तेव्हा ग्रीक, रोमन, पश्चिमेकडचे परदेशी असं सगळंच.) पण म्युझियममध्ये तुम्हाला जे दिसतं ते बहुतेक इथल्या माणसांच्या हातचं आहे, इथल्या कुंभारांनी, मणी घडवणाऱ्यांनी, हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलेलं. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

तगर म्हणजेच तेर हे कशावरून?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचं एक गाईड लिहिलं, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' म्हणून प्रसिद्ध आहे, लेखकाचं नाव कुठं आलेलं नाही. त्यात तो सांगतो की दक्षिणापथात, म्हणजे दख्खनमध्ये, दोन बाजारपेठा खास महत्त्वाच्या, एक पैठण, जे बॅरिगाझापासून म्हणजे आपल्या भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, "खूप मोठं शहर". नंतर दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानेही तगरचं नाव घेतलंय.

पण हे तगर कुठलं यावर विद्वानांचा बरीच वर्षं वाद चालला, कुणी देवगिरी म्हणायचं कुणी जुन्नर कुणी आणखी काही. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे नीट मांडलं, आणि त्यानंतर लगेच हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे गावातली देवळं आणि टेकाडं पाहून त्यावर लिहिलं.

तुम्ही स्वतः पण नकाशावर मोजून बघा, मी बघितलंय. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, वीस दिवस. पैठण ते तेर साधारण १५० किलोमीटर, दहा दिवस. म्हणजे दोन्हीकडे दिवसाला पंधरा-सतरा किलोमीटरचा हिशोब येतो, लादलेल्या बैलगाडीचा, आणि तो लेखक तर म्हणतोच की माल गाड्यांवर, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून जातो. दिशा तेवढी जरा चुकलीय, तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, पण ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशी माणसाचं एवढं तर चालायचंच.

अजून एक. कोकणातले शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतरही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. राज्य समुद्राकाठी आणि बिरुद तेरचं! त्या नावाचा दबदबा केवढा असेल बघा.

रामलिंगप्पा लामतुरे कोण होते? इतिहासाचे प्रोफेसर का?

नाही हो. तेरचेच रहिवासी. गावात, शेतात, नदीकाठी पाऊस पडून गेला की जुने मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर यायच्या, लोकांना त्याचं काही विशेष वाटायचं नाही. यांनी ते गोळा करायला सुरुवात केली, आयुष्यभर गोळा करत राहिले, आणि त्यातून हजारो वस्तूंचा संग्रह उभा राहिला. आजचं सरकारी म्युझियम त्या संग्रहावर उभं आहे, राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये खात्याकडे त्याचा कारभार आहे.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. कारण नाणं जपून ठेवणारे खूप असतात, पण फुटक्या खापराला, शंखाच्या बांगडीच्या तुकड्याला, अर्ध्या तुटलेल्या बाहुलीला किंमत देणारा माणूस विरळा. ते तुकडे तेव्हा कुणी उचलले नसते तर आज कुठंतरी घराच्या पायाखाली गेले असते, आणि मग पेरिप्लसमधलं ते एक वाक्य तेवढं आपल्या हातात उरलं असतं.

पण एवढ्या वस्तू सहज सापडायच्या? खोदावं लागत नव्हतं?

हे समजायला पांढरी म्हणजे काय ते माहीत पाहिजे. आपल्याकडे गावाची दोन अंगं, काळी आणि पांढरी, काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. एकाच जागी शेकडो वर्षं माणसं राहिली की मातीची घरं पडतात, त्यावर पुन्हा घरं होतात, चुलीची राख, शेण, खापरं सगळं साठत जाऊन उंच टेकाड तयार होतं. तेरच्या आसपास अशी बरीच टेकाडं आहेत. आणि ही पांढरीची माती लोकांना कायम लागायची, धाब्याच्या घरावर टाकायला, भिंती लिंपायला, शेतात खत म्हणून. आमच्या आजोळच्या घराच्या माळवदावर पण तीच. लहानपणी पाऊस उघडला की आम्ही पोरं त्या मातीत मणी शोधायचो आणि एकदा मला एक बारीक लालसर मणी मिळाला होता, मध्ये आरपार भोक, त्यातनं आभाळ बघत बसले होते मी. मामाने तो घेऊन नीट पुडीत बांधला आणि सांगितलं, "हा आपला न्हाई, म्युझियममधी द्यायचा." तेव्हा रडले होते, आता बरं वाटतं.

म्हणजे बराच संग्रह असा पृष्ठभागावरून आलेला. रीतसर उत्खननं पण झाली, १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केलं आणि त्याचा रिपोर्ट पुढे १९६९ मध्ये पुण्याहून छापला गेला. नंतरच्या उत्खननांत विटांचा स्तूप पण निघाला. फरक लक्षात घ्या, उत्खननातल्या वस्तूचा थर माहीत असतो, ती कशाबरोबर सापडली ते माहीत असतं, म्हणून तिचा काळ ठरवता येतो. नुसती सापडलेली वस्तू कितीही सुंदर असली तरी तिचा काळ दुसऱ्या वस्तूंशी तुलना करून काढावा लागतो.

ती हस्तिदंताची प्रसिद्ध मूर्ती इथंच आहे ना? पॉम्पेईची लक्ष्मी?

दोन वेगळ्या मूर्ती आहेत, लोक नेहमी गोंधळ करतात.

पॉम्पेई हे इटलीतलं शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथं एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, साधारण पाव मीटर उंच, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' नाव पडलं, पण ती लक्ष्मीच असेल असं नाही, यक्षी असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

तेरची मूर्ती वेगळी, आकाराने लहान, पण घडण त्याच घराण्यातली. भरघोस दागिने, कमरेला मेखला, केसांची बारीक कलाकुसर केलेली रचना. बघताना तिच्या केसांवर वेळ द्या, सगळे झटकन पुढं जातात. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही अशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. पॉम्पेईच्या मूर्तीच्या डोक्यात वरून खाली भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या फर्निचरचा पाय असावी असं म्हणतात. म्हणजे आपण देवी म्हणून हात जोडतो ती कदाचित कुणा बाईच्या रोजच्या शृंगाराची वस्तू.

मग पॉम्पेईची मूर्ती तेरमध्येच बनली होती असं म्हणायचं का?

व्हॉट्सॲपवर तसं फिरतं खरं, पण ठामपणे म्हणू नका. तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी तिचं साम्य आहे म्हणून दख्खनचं नाव पुढं येतं. पण तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, गांधाराकडची. ती तिकडच्या वाटेने गेली असेल, तिकडच्या कारागिराने जोडणीची खूण म्हणून अक्षर कोरलं असेल, असे वेगवेगळे अंदाज आहेत. तेरचं मोठेपण त्या एका दाव्यावर अवलंबून नाही, त्यामुळे उगाच ताणायची गरज नाही.

बाकी 'रोमन' म्हणून काय शोधायचं? आम्हाला तर सगळी मातीचीच खेळणी दिसली.

त्या मातीच्या खेळण्यांतच आहे सगळं!

पहिलं म्हणजे पांढरट मातीच्या मूर्ती. केओलिन म्हणतात त्या मातीला, दिसायला साधारण आपल्या शाडूसारखी. या मूर्ती दोन साच्यांत केलेल्या आहेत, पुढचा अर्धा भाग एका साच्यात आणि मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून भाजलेल्या, आतून पोकळ. गणपतीच्या कारखान्यात साचे बघितले असतील तर लगेच कळेल. त्याआधी आपल्याकडे एकाच साच्यात दाबून काढलेल्या, मागून सपाट मूर्ती जास्त असायच्या. दोन साच्यांची ही पद्धत रोमन जगाशी आलेल्या संबंधातून इकडे आली असं बरेच अभ्यासक मानतात. चेहरे, दागिने, बांधा सगळं इथलं, फक्त करायची रीत बाहेरची. एखाद्या कुंभाराने परदेशी मालातली बाहुली हातात घेऊन, उलटून पालटून, ही जोडली कशी असेल याचा विचार केला असेल ना.

दुसरं म्हणजे मातीची पदकं. इंग्रजीत बुला म्हणतात. रोमन नाण्यांवर, खास करून सम्राट टायबेरियसच्या (इसवी सन १४ ते ३७) नाण्यांवर जसा चेहरा असतो तसा ठसा मातीत उमटवून, भाजून, दोऱ्यात ओवायला भोक किंवा कडी ठेवलेली. ज्याला खरं नाणं परवडत नव्हतं तो मातीचं गळ्यात घालत असेल. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेची आठवण येते की नाही?

तिसरं, रोमन धाटणीचे मातीचे दिवे. आपली पणती वरून उघडी, हे दिवे बंद, तेल ओतायला वेगळं भोक आणि वातीला पुढं नळीसारखं तोंड.

सोन्याची रोमन नाणी भरपूर असतील ना?

ती अपेक्षा ठेवून जाऊ नका, निराश व्हाल. रोमन नाण्यांचे मोठे साठे तमिळनाडूत, कोईमतूरच्या पट्ट्यात जास्त सापडलेत, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. इथं सातवाहनांची शिसं, तांबं, पोटीन (हा एक मिश्रधातू) यांची नाणी बघा. दिसायला काळपट चपटे तुकडे, पण वाकून बघितलं की हत्ती दिसतो, उज्जैनचं चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार गोल, दिसतं. रोममधला लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून घेतो. त्यात तेरचाही वाटा होता, फक्त तो पैसा इथं हंड्यात भरून राहिलेला नाही.

आपल्याकडून तिकडं काय जायचं?

कापड! पेरिप्लसमध्ये पैठणहून अकीकाचा लाल दगड जातो असं लिहिलंय आणि तगरहून साधं जाडंभरडं कापड भरपूर, सगळ्या प्रकारची मलमल आणि आणखी एका जातीचं कापड. शिवाय समुद्रकाठच्या भागातून इथं येणारा इतर माल. म्हणजे तगरची मुख्य ओळख कापडाची, आणि नेमकं तेच म्युझियममध्ये दिसणार नाही कारण आपल्या हवेत सुती कापड दोन हजार वर्षं टिकत नाही, मातीत कुजून जातं. मला ही गोष्ट कायम चटका लावते. ज्यांच्या मागावरच्या कापडामुळे गावाचं नाव ग्रीक पुस्तकात गेलं त्या विणकरांचं इथं काहीच उरलं नाही.

पण इजिप्तच्या वाळवंटात उरलंय. तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं रोमन बंदर होतं, तिथल्या उत्खननात भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळालेत, कोरड्या हवेमुळे टिकलेले. भारतातले काळे मिरे पण मिळालेत तिथं, मोठ्या रांजणात साडेसात किलो! ते कापड तेरचं होतं असं म्हणता येत नाही, पण अशा मालाचा प्रवास कसा व्हायचा ते त्यातून डोळ्यांसमोर येतं.

म्हणजे म्युझियममध्ये सगळं रोमन काळातलंच आहे का?

नाही, आणि बाकीचं सोडू नका. लज्जागौरीच्या, म्हणजे सुफलतेच्या देवीच्या, मूर्ती आहेत. शंखाच्या बांगड्या आहेत, काचेचे, अकीकाचे, किती तरी तऱ्हेचे मणी आहेत. आणि माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे मातीच्या वज्र्या, टाचा घासायच्या. खालची बाजू खरखरीत. माझी आजी अगदी तश्शीच वज्री वापरायची, न्हाणीतल्या दगडावर ठेवलेली असायची. आजी एकदा आमच्याबरोबर आली होती, काचेत ती वज्री बघून म्हणाली, "अगं बाई, ही तर माझीच." त्यानंतर मला त्या काळातल्या बायका लांबच्या वाटल्याच नाहीत.

उत्तरेश्वराच्या देवळाची जुनी कोरीव लाकडी चौकटही म्युझियममध्ये आहे. एवढं जुनं लाकूडकाम आपल्या हवेत शिल्लक राहणं हेच मोठं आहे, तिच्यापाशी थांबा.

गोरोबा काकांचं तेर तेच का?

हो, तेच. संत गोरा कुंभार इथलेच, समाधी तेरणेच्या काठावर आहे. थापटण्याने संतांची मडकी तपासणारे आणि नामदेवांना कच्चं मडकं म्हणणारे गोरोबा काका. बरेच लोक त्यांच्या दर्शनाला येतात आणि म्युझियम न बघता परत जातात, किंवा इतिहासवाले म्युझियम बघून समाधीला न जाता परततात. दोन्ही करा. सातवाहन काळातल्या कुंभाराने दोन साच्यांत बाहुली केली त्याच गावात हजारेक वर्षांनी दुसरा कुंभार माती तुडवता तुडवता विठ्ठलाचं नाव घेत होता. माती तीच, तेरणेकाठची.

गावात आणखी काय बघायचं?

त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका. विटांचं आहे, आणि मागची बाजू गोल, हत्तीच्या पाठीसारखी. बौद्ध चैत्यगृहांची असते तशी. आधी ते चैत्यगृहच होतं आणि नंतर विष्णूचं देऊळ झालं असं मानतात, पुढचा मंडप नंतरचा. अजिंठा-कार्ल्याला कातळात कोरलेले चैत्य बघतो आपण, इथं त्याच आकाराचं विटांनी बांधलेलं उभं आहे आणि आत रोज पूजा चालते. त्यानंतर उत्तरेश्वर आणि कालेश्वर.

शेतात किंवा घराचा पाया खणताना काही सापडलं तर?

घरी ठेवू नका, धुऊन चकचकीत करू नका, आणि विकू तर अजिबात नका. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा निखात निधी कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, अशी वस्तू परदेशात नेऊन विकणं गुन्हा आहे. व्यवहारात सोपं म्हणजे तलाठ्याला, तहसीलला किंवा सरळ म्युझियममध्ये सांगा, वस्तू होती तिथंच राहू द्या, मोबाईलवर फोटो काढा, जागेची खूण करा. आणि टेकाडांवर फिरायला गेलात तर खापर सुद्धा आठवण म्हणून उचलू नका. कुणी "जुने मणी आहेत, घेता का" म्हणत आलं तर सरळ नाही म्हणा.

अशा रोमन वस्तू महाराष्ट्रात आणखी कुठं बघायला मिळतील?

कोल्हापूर. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये. ती मात्र खरोखर भूमध्य समुद्राकडून आलेली. तेर आणि कोल्हापूर दोन्ही बघितलं की आयात केलेलं आणि इथं घडवलेलं यातला फरक डोळ्याला कळतो.

किती वेळ लागतो? मुलांना कंटाळा येईल का?

म्युझियमला दीड-दोन तास, देवळं आणि समाधी धरून अर्धा दिवस. सरकारी म्युझियम आहे, त्यामुळे सुट्टीच्या, सणाच्या दिवशी उघडं आहे का ते आधी विचारून निघा. उन्हाळ्यात सकाळी लवकर, मराठवाड्याचं ऊन तुम्हाला माहितीय.

मुलांना पाट्या वाचायला लावू नका. माझ्या भाच्यांना मी एकच काम देते, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या बाजूने बघायच्या आणि दोन साचे जिथं जोडलेत ती रेघ शोधायची. कधी कानामागून जाते कधी दंडावरून, काही ठिकाणी कुंभाराने ओल्या बोटाने इतकी छान पुसलीय की सापडतच नाही. धाकट्याला मागच्या वेळी एका बाहुलीवर मिळाली, पार डोक्यापासून खालपर्यंत, आणि तो काचेला नाक लावून तिथंच उभा राहिला, हलेचना.